हायपो म्हणजे खाली

"हायपो होता. हायपर नव्हे, हायपो. एवढा साधा फरक कळत नाही तुम्हा लोकांना?"

डॉक्टर हे आप्पांना म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरातल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात, आयसीयूच्या दारात. बाकड्यांवर दुसऱ्या पेशंटची माणसं बसली होती. एक बाई डबा उघडून पोहे खात होती, तिचा घास हातातच राहिला. सगळे आमच्याकडं बघायला लागले.

आप्पांनी हात जोडले होते. "साहेब, तुमीच म्हणालासा न्हवं, गोड म्हंजे इख. हिला दावायचंबी न्हाय."

"ते हायपरचं. हायपो झाला तर लगेच शुगर द्या, हेही सांगितलं होतं. डिस्चार्जच्या वेळी मी स्वतः सांगितलं होतं. तुम्ही मान हलवली होती. हलवली होती की नाही?"

"हलवली साहेब."

"मग? कळलं नव्हतं तर मान कशाला हलवली? तुमच्या हातानं मारलंत बाईला."

आई अजून मेली नव्हती. आत होती. तोंडात नळी घातली होती. दाराच्या काचेतून तिचे पाय तेवढे दिसत होते. टाचांच्या भेगांत रानातली माती तशीच होती.

"चुकलं साहेब," आप्पा म्हणाले. "माफी करा."

बायको आत मरत होती आणि आप्पा माफी मागत होते. ती त्यांना मिळाली नाही. डॉक्टरांचा फोन वाजला. ते बोलत बोलत लिफ्टकडं गेले. पोहे खाणाऱ्या बाईनं हातातला घास तोंडात घातला.

मी नववीत होते. मला सगळं दिसत होतं. काहीच कळत नव्हतं.

आमचं गाव कोडोलीच्या पुढं. सगळा उसाचा मुलूख. गावाला दोन आळ्या. वरची आणि खालची. देवळाच्या अंगाला चढावर वरची, ओढ्याच्या कडेला खालची. आम्ही खालच्या आळीतले. पावसाळ्यात वरच्या आळीच्या गटारी आमच्या उंबऱ्याला लागून वाहायच्या. याहून जास्त सांगत नाही. ज्याला कळायचं त्याला एवढ्यात कळतं.

आप्पा गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालायचे. वर काहिलीत उसाचा रस उकळतोय आणि खाली खड्ड्यात बसून आप्पा भट्टीत चिपाडं सारतायत, हे मी लहानपणापासून बघितलंय. अंगाला धुराचा वास. डोळे कायम लाल. हंगामात मालक गुळाची फुटकी ढेप द्यायचा. त्यामुळं आमच्या घरात पीठ संपायचं, तेल संपायचं, गूळ कधी संपला नाही.

आई भांगलणीला जायची. लोकांच्या रानात वाकून तण काढायचं काम. ती वाळत चालली होती. घागरभर पाणी प्यायची. आम्हाला वाटायचं, उन्हानं होतंय. मग एके दिवशी बांधावरच पडली. रानाच्या मालकाच्या गाडीतनं कोल्हापूरला नेली. नर्सनं बोटाला टोचून रक्त मशीनला लावलं आणि म्हणाली, "हाय दाखवतंय."

आप्पा म्हणाले, "व्हय, पर काय हाय?"

नर्स हसली. तिनं दुसऱ्या नर्सला सांगितलं. तीही हसली. साखर इतकी वाढली होती की मशीनवर आकडाच येत नव्हता, नुसतं इंग्रजीत हाय येत होतं. हे मला पुढं कैक वर्षांनी कळलं. तेव्हा मीही आप्पांसारखीच वाट बघत उभी होते. काय हाय ते कुणीतरी सांगेल म्हणून.

डॉक्टरांनी आप्पांना झाडलं. "गुऱ्हाळात काम करता? मग काय, गूळ खाऊ घालत असाल रोज. हायपर झालंय तिला. जीव जाईल अशानं." आप्पा घाबरले. तेवढं मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. गोड म्हणजे मरण.

आई बरी झाली. सोडताना डॉक्टर दाराच्या मुठीवर हात ठेवून बोलले. पुढच्या पेशंटकडं जायची घाई होती. रोज इन्सुलिनची सुई घ्यायची म्हणाले. हायपर कंट्रोलमध्ये आहे म्हणाले. आता हायपो होऊ शकतो, हायपो झाला तर लगेच शुगर द्या म्हणाले.

आप्पांनी विचारलं, "म्हंजे कवा साहेब?"

"हायपो झाला की."

आप्पांनी मान हलवली. ती ही मान. पुढं कितीतरी वेळा ते मला म्हणाले, "मला दोनीबी सारखंच ऐकू आलं गं. हायप, हायप. आनी एकदा इचारलं असतं तर वरडला असता त्यो."

ज्या दिवशी झालं त्या दिवशी आईनं सकाळी सुई घेतली आणि भाकरी बांधून कामाला गेली. मालकाला ते रान त्याच दिवशी संपवून पाहिजे होतं. जेवायची सुट्टी लांबली, लांबली आणि झालीच नाही. मी शाळेतून आले तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. चोळी घामानं भिजलेली. हात थरथर कापत होते. मला तिनं तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. म्हणाली, "वाईच च्या ठेव गं. गोड कर."

मी चहा ठेवला. साखर घालणार एवढ्यात आप्पा आले. तिची अवस्था बघून त्यांचं तोंड उतरलं.

"थांब. साखर वाढलीया हिची. परत वाढलीया."

त्यांनी पातेलं उतरवलं आणि मोरीत ओतलं. आई भिंतीला धरून उठली. फडताळात डबा होता, त्याला हात घातला. "गुळाचा खडा दे मला. यवढासा."

आप्पांनी तिचा हात धरला. जोरात नाही. लहान पोराचा धरतात तसा. "न्हाय गं. डाक्टरनं न्हाय म्हणलंय. वाईच कळ काढ. गाडी बघतो." आणि डबा माळ्यावर ठेवला, तिचा हात पोचणार नाही असा.

गाडी मिळेपर्यंत तिला झटके यायला लागले.

त्याच आठवड्यात ती गेली. शुद्धीवर आलीच नाही.

साखर वाढली नव्हती, सुई घेऊन उपाशी राहिल्यानं कमी झाली होती, एवढं आम्हाला कळलं ते असं. दारात, सगळ्यांसमोर, अपमान चालू असताना. एक खडा पुरला असता. चहाचा एक कप पुरला असता. ती मागत होती. तिच्या शरीराला कळलं होतं. फक्त आप्पांना भीती घातलेली होती आणि शब्द दिला होता. अर्थ दिला नव्हता.

आप्पांनी गुऱ्हाळ सोडलं. हंगाम सुरू झाला की साऱ्या गावावर तो गोड वास पसरायचा. आप्पा दार लावून घ्यायचे. चहा सोडला. माणसांत बसणं सोडलं. दुसऱ्याच्या गोठ्यात शेणघाण करायला जायचे, तिथं जनावरांशीच काय ते बोलायचे. घरी आले की कधीतरी मध्येच मला विचारायचे.

"हायपू म्हंजे काय गं?"

"साखर कमी होणं, आप्पा."

"ते म्हाइत हाय. त्यो शब्द म्हंजे काय? कमी झाली असं का न्हाय म्हणाला त्यो? काय हाय त्या शब्दात?"

मी शाळेत इंग्रजीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "मेडिकलचं आहे ते. आपल्या अभ्यासक्रमात नाही." मोबाईलवर शोधलं तर लांबच्या लांब इंग्रजी आलं. त्यातला एक शब्द कळावा म्हणून बघायला गेलं तर आणखी दहा न कळणारे.

मी नर्सिंगला गेले ती यासाठीच. सेवाबिवा असलं काही डोक्यात नव्हतं. त्या दाराच्या आत काय बोलतात ते मला ऐकायचं होतं.

कोल्हापुरात कॉलेज, कॉलेजचं हॉस्टेल. गावात मराठी शाळेत शिकलेली मी. पुस्तकं सगळी इंग्रजी. पहिल्याच महिन्यात मानसशास्त्राच्या तासाला मॅडमनी मला उभं केलं आणि धड्याचं नाव वाचायला सांगितलं. मी जसं लिहिलं होतं तसं वाचलं. पहिलं अक्षर पी. म्हणून प.

"पिसायकॉलॉजी."

आधी एक मुलगी हसली. मग पूर्ण वर्ग. मॅडमनी चष्मा काढला. त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

"परत वाच."

मला वाटलं, हळू वाचलं म्हणून हसतायत. मी मोठ्यांदा वाचलं. "पिसायकॉलॉजी."

"पिसं लागलंय का गं तुला?" मॅडम म्हणाल्या. वर्ग बाकं बडवायला लागला. मग त्यांनी हजेरीपुस्तकात माझं आडनाव बघितलं. बोट ठेवून बघितलं. आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. कॅटेगरीतनं सीट मिळते, जीभ मिळत नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं सांगतेय. त्यात माझा एक शब्द नाही.

त्या दिवसापासून हॉस्टेलवर माझं नाव पिसाट पडलं. मेसमध्ये ताट घेऊन आले की कुणीतरी म्हणायचं, "पिसाट आली, सरका." मीही हसायचे. हसायला लागतं. नाही हसलं तर आणखी हसतात. वर्गात बोलणं मी बंद केलं. काही विचारलं की माहीत असून मान खाली घालायचे. कुठल्या शब्दातलं कुठलं अक्षर मुकं आहे आणि ते कुणाला विचारायचं, हे मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना ते कुणीच शिकवलं नव्हतं. त्यांच्या घरात ते भिंतीला चुना असतो तसं होतं.

रडले मी. संडासात नळ सोडून रडले. तिथं सगळ्याच रडायच्या, पण मला तेव्हा वाटायचं मी एकटीच.

आठवड्यातून एकदा इंग्रजीचा तास असायचा. तासिका तत्त्वावरचे एक सर यायचे. वयस्कर, शर्टाच्या खिशात खडू, वर्गाकडं न बघता फळ्याकडं बघून बोलायचे. कुणी ऐकतंय का याची त्यांना फिकीर नव्हती. एक दिवस त्यांनी फळ्यावर टेलिफोन लिहिलं आणि मधोमध रेघ मारून त्याचे दोन तुकडे केले.

"हे इंग्रजी नाही. ग्रीक आहे. टेली म्हणजे दूर. फोन म्हणजे आवाज. दूरचा आवाज. फोटो म्हणजे उजेड. ऑटो म्हणजे आपलं आपण. तुम्ही रोज ग्रीक बोलता, तुम्हाला माहीत नाही. दवाखान्यात तर अर्ध्याहून जास्त ग्रीकच. शब्द पाठ करू नका. शब्द मोडा."

मुली जांभया देत होत्या. सर फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेले. मी वहीत उतरवत होते.

"हायपर म्हणजे वर. हायपो म्हणजे खाली."

माझा हात थांबला.

"हायपोग्लायसेमिया. ग्लायस म्हणजे गोड. एमिया म्हणजे रक्तात."

मी ते तुकडे जोडले. खाली. गोड. रक्तात. रक्तातलं गोड खाली गेलं. एवढंच. वर आणि खाली, एवढंच. चालायला लागल्यापासून मला हे दोन शब्द माहीत होते. वरची आळी, खालची आळी. आप्पांचा जन्म काहिलीच्या खाली खड्ड्यात गेला. खाली म्हणजे काय हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार? ज्या शब्दानं माझी आई मेली तो शब्द आमच्या घरात रोज वापरात होता. त्या डॉक्टरनं तो दुसऱ्या देशाचा वापरला म्हणून आम्ही अडाणी ठरलो.

मी वर्गात रडायला लागले. आवाज दाबता आला नाही. सर वळले. त्यांनी पहिल्यांदाच वर्गाकडं बघितलं.

"काय झालं?"

मी वेगळंच विचारलं. "सर, सायकॉलॉजी ग्रीक आहे?"

"हो. सायकी म्हणजे श्वास, जीव. लॉजी म्हणजे शास्त्र."

"मग त्यातला प? ग्रीक लोक तो म्हणतात?"

सरांनी खडू खिशात टाकला. असं कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. "म्हणतात की. आजही म्हणतात. इंग्रजांच्या तोंडात तो बसला नाही, म्हणून त्यांनी सोडला. लिहिताना मात्र ठेवला."

इंग्रजांच्या तोंडात बसला नाही. हे वाक्य घेऊन मी त्या संध्याकाळी रंकाळ्यावर एकटी बसून राहिले. म्हणजे जे जमलं नाही त्याचाच नियम झाला होता. आणि जिनं होतं तसं वाचलं तिच्यावर वर्ग हसला होता. मला फार आनंद झाला असं नाही. किती दिवस मी स्वतःला कमी समजत होते, तेही कशापायी?

पुढच्या मानसशास्त्राच्या तासाला मॅडमनी करमणूक म्हणून परत मलाच उठवलं. मी वाचलं. मुद्दाम, जपून, प आणि स जोडून.

"प्सायकॉलॉजी."

हशा झाला. मी थांबले. हशा संपल्यावर म्हणाले, "मॅडम, ज्यांचा शब्द आहे ते प म्हणतात. इंग्रजांना जमलं नाही. मला जमतंय. परीक्षेत तुम्ही म्हणता तसं म्हणेन. पण यावरून माझं आडनाव परत बघायचं नाही."

मॅडमचं तोंड लाल झालं. "गेट आउट," म्हणाल्या. मी बाहेर गेले. वर्षभर मग बाहेरच होते असं समजा. अंतर्गत गुण काठावर. पिसाट हे नाव शेवटपर्यंत गेलं नाही. पण मी हसायचं बंद केलं. त्या म्हणायच्या, मी नुसती बघायचे. हळूहळू म्हणणाऱ्या कमी झाल्या.

सुट्टीला घरी गेले आणि आप्पांना सांगितलं. ते अंगणात वैरण तोडत बसले होते.

"आप्पा, हायपो म्हंजे खाली. ग्रीक शब्द हाय. ग्रीस म्हणून देश हाय, तिथला."

आप्पांनी कोयता खाली ठेवला. "खाली?"

"व्हय. आनी हायपर म्हंजे वर."

"यवढंच?"

"यवढंच."

मला वाटलं होतं, त्यांना जरा हलकं वाटेल. आपली चूक नव्हती असं वाटेल. मी तेच मनात धरून एसटीतनं आले होते.

"खाली गेली म्हणाला असता तर मला कळलं असतं की," आप्पा म्हणाले. "खाली गेली, वर काढा, म्हणाला असता. मी काय येडा हाय?" मग त्यांनी तोंडावर दोन्ही हात घेतले. "घरात गूळ व्हता गं पोरी. घरात गूळ व्हता. ती मागत व्हती आनी मी तिचा हात धरला."

मला वाटलं होतं शब्दाचा अर्थ सांगितला की काटा निघेल. तो आणखी आत गेला. इतकी साधी गोष्ट होती, हे कळल्यावर माणसाला जास्त लागतं. अवघड असती तर नशीब म्हणून सोडून देता आली असती.

आप्पा माझी नोकरी बघायच्या आधी गेले. झोपेत गेले. आजार काही नव्हता.

मी आता कोल्हापुरात एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. कंत्राटी. मला शब्द मोडायचा नाद लागलाय. पेशंटच्या कागदावर कुठलाही लांबलचक शब्द आला की मी तो मनात तोडते. डर्मा, कातडी. नेफ्रो, मूत्रपिंड. डायबेटिस म्हणजे आरपार वाहून जाणं. घागरभर पाणी पिणारी आई आठवते आणि मी पुढच्या खाटेकडं जाते.

गेल्या हिवाळ्यात बायकांच्या वॉर्डात पन्हाळ्याच्या खालच्या एका गावातली बाई दाखल झाली. तिशीच्या आतली. एक मुलगी पदरात. पोटात गाठ, अंगावरनं खूप रक्त जायचं, म्हणून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. डॉक्टर आले, सोबत संमतीचा कागद. डॉक्टर म्हणाले, "हिस्टेरेक्टॉमी करायची आहे. गाठीचा त्रास संपेल. इथं सही."

बाईनं मान हलवली. सासूनं मान हलवली. मी ट्रे घेऊन शेजारी उभी होते. ती मान हलताना बघितली आणि मी ट्रे खाली ठेवला.

हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. एक् म्हणजे बाहेर. टोमी म्हणजे कापणं.

"ताई," मी म्हणाले, "काय करणार हायती म्हाइत हाय न्हवं?"

"गाठ काढणार हायती की."

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

"गाठ न्हाय, ताई. पिशवी काढणार हायती. आख्खी. पुना लेकरू हुणार न्हाय."

बाईनं पेन टाकलं. अंगठ्याला शाई लागल्यासारखी तिनं बोटं पदराला पुसली. "पिशवी? मला कुनी पिशवी म्हणालं न्हाय. मला अजून एक लेकरू पायजे. नुसती गाठ निघत न्हाय व्हय?"

डॉक्टर माझ्याकडं वळले. "सिस्टर, पेशंटला घाबरवणं हे तुमचं काम आहे का? आणि ही गावठी भाषा वॉर्डात चालणार नाही."

"सर, मग तुम्ही सांगा. तुमच्या मराठीत सांगा. पण अर्थ सांगा. त्याशिवाय मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही."

"डोन्ट बी हिस्टेरिकल."

साऱ्या वॉर्डासमोर. दुसऱ्या सिस्टर खाली बघत होत्या. आणि मला काय आठवलं असेल? तो शब्दही त्याच हिस्टेरामधनं आलाय. बाईच्या पोटातली पिशवी फिरली की बाई भ्रमिष्ट होते असं जुन्या ग्रीक वैद्यांना वाटायचं, म्हणून. हजारो वर्षं झाली. बाई बोलली की अजून तोच शब्द काढतात.

मी म्हणाले, "सर, माझी पिशवी जागेवर आहे. हिचं बोला."

कुणी हसलं नाही. डॉक्टर कागद घेऊन निघून गेले. बाईनं त्याच दुपारी घरचा रस्ता धरला. सासू मला शिव्या देत गेली. म्हणाली, "चांगलं हुणारं बिघडवलंस." बाई जाताना नुसती माझ्याकडं बघून गेली. तिला कुणी नीट डॉक्टर भेटला का, नुसती गाठ निघत होती का, रक्त जायचं थांबलं का, मला माहीत नाही. फोन नंबर घ्यायचं सुचलं नाही. हे मला छळतं. मी तिचा जीव वाचवला की धोक्यात घातला, हेही मला सांगता येणार नाही. पिशवी काढणंच बरोबर असेल कदाचित. पण ती तिची होती. तिला माहीत पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रननी केबिनमध्ये बोलावलं. मेट्रन तशा वाईट नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला.

"लिहून दे. यापुढं डॉक्टरांच्या आणि पेशंटच्या मध्ये बोलणार नाही. दोन ओळी. विषय संपला. तुझं कंत्राट मार्चला संपतंय, तुला कळतंय ना?"

"कळतंय मॅडम."

"मग लिही."

मी तो कागद कोराच त्यांच्याकडं परत सरकवला.

मला आता वॉर्ड नाही. खालच्या मजल्यावर, निर्जंतुक करायच्या खोलीत ठेवलंय. कात्र्या, चिमटे, वाफेचं यंत्र. बोलायला पेशंट नाही, म्हणूनच तिथं ठेवलंय. तरी जेवायच्या सुट्टीत मी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत जाऊन उभी राहते. हातात कागद घेऊन गोंधळलेलं कुणीतरी असतंच. मी विचारते, "पावणं, काय सांगितलं आत?" ते सांगतात. अर्धामुर्धा, मोडका शब्द. मी तो जोडते, आणि मग मराठीत तोडून देते. आणि सांगते, परत आत जा. कळलं नाही म्हणून सांगा. ओरडला तर ओरडू द्या. कळेपर्यंत मान हलवायची नाही.

आतल्यांना हे समजलंय. गेल्या आठवड्यात वॉचमनला सांगून मला तिथनं हटवलं. मी परत गेले. उद्याही जाणार आहे. मार्चला कंत्राट संपलं तर गेटच्या बाहेर, रिक्षा थांबतात तिथं उभी राहीन. तो रस्ता त्यांच्या मालकीचा नाही. शब्दही नाहीत.